वही कोणाच्या हातात?

महाडचा सत्याग्रह झाला त्या १९२७ साली बाबासाहेब मुंबईत आणखी एक काम करत होते. बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते १९२५ ते १९२८ या काळात हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलांना व्यापारी कायदा शिकवत. जयंतीच्या भाषणांत हे कधी येत नाही.

गावगाड्यात वसुलीची रक्कम सरकारी खजिन्यापर्यंत पोचवायचे काम महाराचे होते. थैली आपल्या डोक्यावर, पण त्यात किती आहे हे लिहिणारा कुलकर्णी. वही त्याची, मोडी त्याची, आणि लिहिले तेच खरे. पुण्यात बसून जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो या लेखणीवरही होता. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, तेव्हा ओरड कोणी केली ते आपल्याला माहीत आहे.

बाबासाहेबांचा १९१५ चा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थकारणावर होता. १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न, १९२५ मध्ये प्रांतिक वित्त. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाचे काम न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचे असल्याचे सांगितले. पुण्यात १९४३ मध्ये बीएमसीसी सुरू झाले होते; पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढले ते १९५३ मध्ये.

आता वही संगणकात गेली आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. नोंद कोण करणार, मंजुरी कोण देणार, दोन्ही एकाच माणसाकडे का नकोत, मागाहून आकडा बदलला तर तो कसा पकडायचा, हे ठरवणारी विद्या म्हणजे लेखा माहिती प्रणाली.

आमच्या वस्त्यांतली मुले मात्र तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स करून एंट्री मारायला बसतात. आकडे आपण भरायचे, प्रणाली दुसऱ्याने ठरवायची. हे थैली वाहण्यापेक्षा फार वेगळे आहे असे आम्हाला वाटत नाही. उरलेली मुले सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षे घालवतात. (त्यांच्या जिद्दीला नावे ठेवायची नाहीत; पण जागा किती आणि अर्ज किती, हाही हिशेबच आहे.)

“कॉमर्स हे वाण्यांचे” असे आपलेच लोक म्हणतात. मग अनुसूचित जातींसाठीच्या उपयोजनेचा पैसा कुठल्या लेखाशीर्षात गेला हे कोण शोधणार? ही तरतूद १९७९-८० पासूनची आहे. निधी वळवला म्हणून आपण मोर्चे काढतो आणि काढायलाच हवेत, पण मोर्चात अर्थसंकल्पाचे पुस्तक वाचू शकणारे किती असतात?

पुण्यात बी.कॉम.मध्ये हिशेब शिकवतात, बी.बी.ए. (संगणक उपयोजन)मध्ये संगणक. दोन्हींचा मेळ बहुधा स्वतःच घालावा लागतो. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयाचे नाव बघण्याऐवजी अभ्यासक्रम उघडा. डेटाबेस, अंतर्गत नियंत्रण आणि लेखापरीक्षण त्यात आहे का ते पाहा. नसेल ते बाहेरून शिका. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा, कागदपत्रांची जमवाजमव आजपासूनच करा.