दप्तर हलते, पत्ता मागे राहतो

घरच्या सर्व्हरवरचे सिस्टीमचे फोल्डर एका डिस्कसंचातून दुसऱ्यात न्यायचे तर आधी चालू सेवा बंद कराव्या लागतात. अनरेडसारख्या प्रणालीतला ‘मूव्हर’ उघड्या फाइलीला हात लावत नाही. सेवा चालवणारा डॉकर चालू ठेवून हलवाहलव केली की अर्धा संसार जुन्या घरी, अर्धा नव्या घरी, अशी गत होते. हे दुखणे संगणकाबरोबर आले असे वाटते खरे, पण रत्नागिरी जिल्ह्याच्या महसुली दप्तराने ते दोनशे वर्षांत अनेकदा सोसले आहे. त्या इतिहासावरून माझे म्हणणे असे की दप्तर हलवताना रुमाल बांधून ते वाहून नेणे हे सर्वांत सोपे काम. जड जाते ते कागदाकडे बोट दाखवणारे पत्ते आणि कागदातले हक्क शाबूत पोचवणे.

पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा झाला, त्याचे ठाणे बाणकोटला होते. बाणकोट 1756 पासून इंग्रजांकडे होते, त्यामुळे तिथे त्यांचे बस्तान आयतेच बसलेले. नवी प्रणाली बसवताना सगळे फोल्डर हाताशी असलेल्या पहिल्या डिस्कवर जाऊन पडतात, त्यातलाच हा प्रकार. 1822 मध्ये ठाणे रत्नागिरीला आले, कारण ही जागा अधिक मध्यावर आणि सोयीची. 1830 मध्ये बाणकोटच्या खाडीपलीकडचे तीन तालुके उत्तर कोकणाला जोडले गेले आणि रत्नागिरीचा दर्जा उतरला. 1832 मध्ये तो पुन्हा पूर्ण जिल्ह्याचा झाला. डोंगर, शेते, खाजणे जागची हलली नाहीत. बदलत गेले ते कोणत्या गावाचा हिशेब कोणत्या कचेरीत विचारायचा, एवढेच. पण दाद मागायला निघालेल्या माणसाला नेमके तेच माहीत असावे लागते.

सावंतवाडीकडच्या जमिनीचे उदाहरण याहून बोलके आहे. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले तेव्हा ती रत्नागिरी जिल्ह्यात आली आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेली. जागेवरून तसूभर न हलता तिचा पत्ता दोनदा बदलला. मालवणच्या 1981 पूर्वीच्या खरेदीखतात मात्र ‘जिल्हा रत्नागिरी’ हेच राहणार, आणि राहायलाच हवे, कारण दस्त त्याच्या तारखेला खरा असतो. म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या ठिकाणी पोचवणारी वाट कुणीतरी राखावी लागते. सर्व्हरवर हे काम सिमलिंक करतो. कचेरीत ते जाणत्या कारकुनाच्या डोक्यात असते, आणि तो निवृत्त झाला की वाट बुजते.

यावर कुणी म्हणेल, कागद एकच असतो, नेला की नेला. फाइलीची आधी नक्कल होते, मग मूळ पुसले जाते. तेव्हा तुलना लंगडी आहे. बाणकोटपुरता हा आक्षेप मान्य. सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले तेव्हा मात्र तो फरक उरला नाही, कारण ती निखळ नक्कलच होती. तलाठ्याच्या हस्तलिखित नमुन्यातून मजकूर संगणकात उतरला. अशा वेळी नाव आणि क्षेत्र सहसा नीट येते. धोका असतो तो ‘इतर हक्क’ या रकान्याला. कुळाचे नाव, बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट यांची एखादी ओळ गळली तरी उतारा वरवर निर्दोष दिसतो. फोल्डर नव्या डिस्कसंचात जसाच्या तसा दिसावा आणि फाइलींची मालकी व परवानग्या वाटेत गळाव्यात, तसेच हे. आकार जुळतो, बाइटही जुळतात, पण प्रोग्रॅमला आपल्याच घराचे दार उघडत नाही.

ही चूक कचेरीत बसून सापडत नाही. म्हणूनच राज्यात 2017 मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली, ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवायची. नक्कल तपासण्याचे काम नक्कल करणाऱ्याकडून काढून त्या नोंदीवर ज्याचे पोट आहे त्याच्याकडे दिले गेले. अर्थात मुंबईकर चाकरमान्याच्या पडीक वरकस जमिनीचे वाचन ऐकायला चावडीवर कोण असणार, हा कोकणातला प्रश्न उरतोच. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 1 मे 2018 पासून आला, पण स्वाक्षरी ही संगणकात जे आहे त्याची ग्वाही देते. जे उतरायचे राहिले त्याची नाही.

राहिला मूळ पुसण्याचा मुद्दा. नवा संच चालू झाला की जुनी जागा मोकळी करण्याचा मोह आवरत नाही, आणि साठवणूक फुकट नसते हेही खरे. दमट कोकणात कागद टिकवणे तर त्याहून महाग. पण रत्नागिरीतल्या खोती गावांकडे पाहावे. 1880 च्या खोती कायद्याखाली कुळांच्या आणि खोताच्या येण्यादेण्याची जी नोंदवही झाली, तिला बोटखत म्हणतात. खोती 1949 च्या कायद्याने गेली. सातबारा हाताचा होता तो संगणकाचा झाला. तरीही जमिनीचा मूळ कब्जा कुणाचा यावर वाद पेटला की पक्षकार बोटखताची नक्कल काढून आणतात, आणि मजकूर मोडीत असला तर आधी मोडी वाचणारा शोधतात.