डांबर लावलेले पाय

रेल्वे येईपर्यंत इंग्लंडच्या बाजारात विकायला आलेला हंस चालत आलेला असे. नॉरफोक, सफोक, लिंकनशर या पूर्वेकडच्या परगण्यांतून लंडनची शंभरेक मैलांची वाट तो स्वतःच्या पायांनी तुडवत येई आणि विकत घेणाऱ्याच्या आवारात शिरताना कित्येकदा त्याच्या पायांवर डांबराचा थर असे. दुसऱ्याच्या घरी वाढलेला, पूर्ण वयात आलेला पक्षी घरी आणायचा आणि त्याला तिथे रुळवायचे, हा त्या काळी मोठा व्यवहार होता. त्यातून जी जाण तयार झाली ती जवळजवळ सगळी हंसाचे पाय आणि हंसाची स्मरणशक्ती यांच्याभोवती फिरते.

इथे हंस म्हणजे कोणता पक्षी, हे आधी सांगितलेले बरे. मराठीत हंस म्हटले की मानससरोवर, मोत्यांचा चारा आणि नीरक्षीरविवेक डोळ्यांपुढे येतो. तो लांब मानेचा, पाण्यावर तरंगत राहणारा राजहंस वेगळा. अंगणात पाळतात तो हंस त्याच्यापेक्षा आखूड मानेचा, अंगाने भरलेला आणि दिवसाचा बराच वेळ गवतात घालवणारा. युरोपातला पाळीव हंस कलहंसापासून उतरला आहे. हाच करडा कलहंस हिवाळ्यात उत्तरेकडून भारतातल्या तळ्यांवर येतो. चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी पाळीव हंस मात्र निराळ्या रानहंसाचा वंशज आहे. माणसाने निवडून निवडून वजन वाढवले आणि पाळीव हंसाचे उडणे जवळजवळ संपले. चालणे मात्र शाबूत राहिले, आणि चालता चालता चरणेही. गवत हेच मुख्य अन्न असल्यामुळे वाटेत दाणापाण्याचा खर्च फारसा नाही. कोंबड्यांचा कळप हाकत शंभर मैल नेण्याची कल्पनाही कुणी करणार नाही. पाळीव पक्ष्यांत गुरांसारखे हाकले जात ते मुख्यतः हंस आणि टर्की.

हा उद्योग इंग्लंडहून कितीतरी जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरला प्लिनी लिहितो की मोरिनी लोकांच्या मुलखातून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून, हंस थेट रोमपर्यंत पायी येत. आल्प्सची रांग मधे धरून ही वाट शेकडो मैलांची आहे. कळप हाकणाऱ्यांची युक्तीही त्याने नोंदवली आहे: थकलेले पक्षी उचलून कळपाच्या पुढे ठेवायचे. मागचे पक्षी आपसूक दाटीने रेटत राहतात आणि थकलेला मागे पडत नाही. ज्याने कधी हंस हाकले आहेत त्याला यातला शहाणपणा लगेच कळेल, कारण मागे राहिलेला एकटा हंस ओरडत बसतो आणि त्याच्यासाठी अख्खा कळप थांबतो.

रात्री ओरडून रोमची टेकडी वाचवणाऱ्या हंसांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच रोममधला कोलुमेला त्या मानाने उपेक्षित राहिला, आणि हंस पाळणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच आहे. प्लिनीचा समकालीन असलेल्या या शेतीतज्ज्ञाने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात हंसांसाठी चांगली जागा दिली आहे. पक्षी निवडताना अंगाने थोर आणि रंगाने पांढरे घ्यावेत, एका नरामागे तीन माद्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. त्याची सर्वांत मोलाची सूचना अंड्यांबद्दल आहे. अंड्यावर आलेली मादी बाहेर कुठेतरी अंडे घालून मोकळी होऊ नये म्हणून तिला धरावे, बोटाने चाचपून अंडे उतरले आहे का ते पाहावे आणि तसे असेल तर तिला हंसघरात नेऊन कोंडावे. प्रत्येक मादीच्या बाबतीत हे एकदाच करावे लागते, कारण पहिले अंडे जिथे घातले तिथेच ती पुढे परत येते. नव्याने आणलेल्या मादीला घर दाखवण्याची याहून सोपी रीत नंतरच्या काळातही निघालेली नाही.

इंग्लंडमधला हंसांचा खरा मुलूख म्हणजे पूर्व किनाऱ्याजवळची फेन नावाची दलदल, विशेषतः लिंकनशरमधली. पावसाळी दिवसांत पाण्याखाली जाणारी आणि उन्हाळ्यात दाट गवताने भरणारी ही जमीन गावाची सामाईक होती. जवळ पैसा नसलेल्या माणसालाही तिच्यावर हंस सोडता येत. राखणदाराला तिथे ‘गॉझर्ड’ म्हणत. हंसराख्या असा अर्थ असलेला जुना इंग्रजी शब्द झिजून तो झाला आहे. निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट 1769च्या आपल्या प्रवासात या भागातून गेला आणि त्याने जे पाहिले ते आजही वाचणाऱ्याला चकित करते. एकेका माणसाकडे हजार मोठे हंस असत आणि प्रत्येकामागे सात पिल्ले जगली तर हंगामाअखेर आठ हजारांचा धनी होता येई, असा हिशेब तो देतो. विणीच्या दिवसांत हंस माणसांच्याच घरात राहत, अगदी झोपण्याच्या खोलीतसुद्धा. भिंतीलगत वेताच्या जाडसर खुराड्यांच्या एकावर एक तीन रांगा आणि प्रत्येक मादीचे स्वतंत्र खुराडे. गॉझर्ड दिवसातून दोनदा सगळ्यांना पाण्यावर नेई आणि परत आणल्यावर वरच्या मजल्यावरच्यांना हाताने उचलून त्यांच्या त्यांच्या घरट्यात बसवी. एकही पक्षी चुकीच्या जागी जात नसे.

हजार हंसांचा आकडा कुणी फुशारकीने सांगितला असेल. घरट्यांची गोष्ट मात्र पटते, कारण पेनंटच्या सतराशे वर्षे आधी कोलुमेलाने तेच लिहून ठेवले होते. गॉझर्ड प्रत्येक पक्षी ओळखत असेलच, पण पक्षीही आपली जागा ओळखत होता.

या घरोब्याची दुसरी बाजू कठोर होती. हे हंस मांसापेक्षा पिसांसाठी पाळले जात आणि पिसे जिवंतपणीच उपटत, वर्षातून पाच वेळा. 25 मार्चच्या सुमारास पहिल्यांदा, तेव्हा पंखांतली लेखणीची मोठी पिसेही निघत. नंतर सप्टेंबरअखेरपर्यंत आणखी चार वेळा गाद्या-उशांसाठीची मऊ पिसे. सहा आठवड्यांच्या पिल्लांची शेपटीची पिसेही उपटत, पुढच्या आयुष्याची सवय लागावी म्हणून. थंडी लवकर आली तर पुष्कळ पक्षी मरत. पेनंटने या चालीला रानटी म्हटले आहे आणि त्यात काही चुकीचे नाही.

लेखणीसाठी पंखाच्या टोकाकडची मोजकीच पिसे कामाची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस सोयीचे पडे, कारण त्याचा बाक डोळ्यांआड न येता बाहेर वळतो. कच्चे पीस मऊ असते. ते तापलेल्या वाळूत धरून कडक करत आणि मग चाकूने टोक तासत. कंपनी सरकारच्या काळात मुंबईतल्या इंग्रज कारकुनाच्या हातात हे पीस असे आणि मोडी लिहिणाऱ्याच्या हातात बोरू. बोरूला कुठल्याच पक्ष्याला त्रास द्यावा लागत नव्हता.

पिसांचा व्यापार घरबसल्या चाले. मांसासाठी मात्र हंसाला शहराकडे जावे लागे. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनियल डीफो याने 1724 पासून प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनच्या प्रवासवर्णनात या वाटचालीचे वेळापत्रकच दिले आहे. हंसांचे कळप ऑगस्टमध्ये निघत. तेव्हा कापणी जवळजवळ उरकलेली असे आणि शेतातल्या सडांत गळलेले दाणे टिपत पक्षी पुढे सरकत. ऑक्टोबरअखेर ही ये-जा थांबे, कारण रस्त्यांचा चिखल इतका घट्ट आणि खोल होई की रुंद पंजे आणि आखूड पाय त्यातून निघत नसत. टर्की आणि हंसांचे कळप साधारण तीनशे ते हजारांचे असत. चार मजली गाड्यांतून पक्षी रात्रंदिवस पळवण्याची नवी पद्धतही त्याने पाहिली होती. अशी गाडी घोडे बदलत दोन दिवस आणि एका रात्रीत शंभर मैल जाई. तरी स्वस्त वाहन हंसाचे पायच राहिले.

म्हणून ते जपावे लागत. पंजाचे पातळ कातडे खडीवर चिरते, आणि एकदा लंगडू लागलेला हंस वाटेतच मिळेल त्या भावाने विकावा लागतो. निघण्यापूर्वी कळप कोमट, पातळ डांबरातून आणि लगेच वाळूतून हाकत. हे पुन्हा पुन्हा केले की तळव्याखाली खरखरीत कवच तयार होई. हंसाला नाल ठोकणे ही इंग्लंडात फार जुनी थट्टा आहे. लँकशरमधल्या व्हॉली गावच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातल्या लाकडी आसनाखाली लोहार हंसाला नाल मारताना कोरला आहे. नसत्या उठाठेवी करणाऱ्याला तो टोमणा आहे. सुताराने ज्याला वेडेपणा म्हणून कोरले, ते हंस हाकणाऱ्यांनी डांबराने खरे करून दाखवले.

वाटेवर आणि मुक्कामी या पक्ष्यांना मोठे गिऱ्हाईक होते. 29 सप्टेंबरचा मायकेलमस हा खंड भरण्याचा दिवस. त्या दिवशी कुळाने मालकाला सडावर पोसलेला हंस देण्याची रीत होती. काही पक्षी थेट कसायाकडे जात. बाकीचे शेतकरी विकत घेत, सडावर चारून नाताळपर्यंत आणखी पुष्ट करण्यासाठी किंवा पुढच्या विणीसाठी. विणीसाठी मोठे पक्षी घेण्यात तोटा नव्हता. कोंबडी दोन-तीन वर्षांत उतरणीला लागते. हंसी त्याहून कितीतरी वर्षे अंडी घालते. प्रश्न एवढाच, की विकणारा सांगेल ते वय खरे धरायचे का. हाना ग्लास हिच्या 1747च्या पाकपुस्तकात खूण दिली आहे: चोच पिवळी तर पक्षी तरुण, चोच आणि पाय लाल तर म्हातारा. ही खूण स्वयंपाकघरातली खरी, पण अंगणातही चाले.

नव्या मालकाच्या आवारात पहिला मान पायांचा. डांबर खरवडून काढायचे नाही, ते आपोआप झिजते. लंगडणारा पक्षी मऊ जमिनीवर वेगळा ठेवायचा. पाणी निदान डोके पूर्ण बुडेल इतके खोल हवे, कारण हंस डोळे आणि नाकपुड्या पाण्यात बुडवूनच साफ करतो. मग स्मरणशक्तीचा बंदोबस्त. पहिल्या दिवशीच मोकळा सोडलेला हंस आल्या वाटेने परत निघतो. म्हणून काही दिवस कोंडून, दाणा हाताने टाकून, रोज एकाच वेळी पाण्यावर नेऊन आणून त्याला नवे घर पटवायचे. एका पंखाची उडण्याची पिसे कापली की कुंपणावरून झेप घेता येत नाही. पिसे गळून नवी येईपर्यंत हा उपाय टिकतो. घरचा कळप आधीच असेल तर नवे पक्षी पहिल्यांदा जाळीपलीकडे ठेवायचे. एकमेकांकडे पाहून ओरडून झाले की मारामारी निम्मी होते. रात्री सगळ्यांनाच बंद करायचे, कारण कोल्ह्याला जुने-नवे कळत नाही.

सगळ्यांत अवघड काम जोड्या जुळवण्याचे. नर आपल्या माद्यांना वर्षानुवर्षे धरून राहतो आणि अनोळखी मादी सहजासहजी पत्करत नाही. विणीचे पक्षी शरद ऋतूतच घ्यायचे, म्हणजे फेब्रुवारीत अंडी सुरू होण्यापूर्वी ओळख होते, हा शहाणपणा यातूनच आला. जमले तर नर आणि त्याच्या माद्या एकाच घरून घेणे उत्तम. त्या वर्षी ओळख पटली नाही तर अंडी निघतात, पण त्यांतली बरीच वांझ.

एकोणिसाव्या शतकात हा डोलारा एकेक खांब काढावा तसा कोसळला. 1801च्या कायद्यानंतर जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली लिंकनशरची पूर्व आणि पश्चिम फेन कोरडी करण्यात आली. सामाईक गवत गेले, त्यावर गहू आला आणि गॉझर्डचे पोट बुडाले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाक स्वस्तात निघू लागले तसा लेखणीच्या पिसांचा भाव उतरला. 1840च्या दशकात रेल्वेचे जाळे पसरले आणि हंस टोपल्यांत बसून प्रवास करू लागले. नाताळच्या ताटातली जागाही हळूहळू टर्कीने घेतली. पायांची निगा या व्यवहारातून अशी साफ पुसली गेली. कोंडून ठेवणे, जाळी, शरदातली खरेदी हे मात्र आजही जसेच्या तसे चालते, कारण हंसाची स्मरणशक्ती रेल्वेने बदलली नाही.

नॉटिंगहॅमच्या जत्रेत या सगळ्याची खूण नावापुरती उरली आहे. त्या शहरातल्या जत्रेचा उल्लेख 1284च्या सनदेत सापडतो आणि ‘हंसांची जत्रा’ हे नाव 1541च्या दप्तरात. 1752 मध्ये पंचांग बदलल्यावर ती सप्टेंबरातून ऑक्टोबरात सरकली आणि 1928 मध्ये बाजारचौकातून फॉरेस्ट मैदानावर गेली. आता तिथे पाळणे आणि खाण्याचे ठेले असतात. हंस विकायला येत नाहीत. जत्रा जवळ आल्याची वर्दी म्हणून रस्त्याच्या चौकात एक भलामोठा पांढरा कृत्रिम हंस तेवढा बसवतात.