सदरा त्याचा, सल्ला तिचा



दिवाळीच्या बाजारात कापडाच्या दुकानात हे नेहमी दिसतं. घरधनी सदरा अंगाला लावून बायकोला विचारतो, "हा बरा दिसतोय का गं?" ती कापड चुरगाळून बघते, "रंग जाईल याचा" म्हणते आणि दुसरा काढायला लावते. पैसे मात्र त्याच्याच खिशातून निघतात.

आजची गोष्ट १९३० सालची आहे. त्या वर्षी मुंबईच्या बायकांनी अनोळखी पुरुषांनाही सांगितलं, कुठलं कापड घ्यावं ते.

६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. चारच दिवसांनी 'यंग इंडिया'त त्यांनी बायकांना साद घातली. दारूच्या आणि विलायती कापडाच्या दुकानांपुढचं पिकेटिंग तुम्ही हाती घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी पुरुषांनी केलेल्या पिकेटिंगमध्ये हाणामारी शिरली होती. गिऱ्हाईकाचं मन वळवणं बायकांनाच साधेल, असा त्यांचा विश्वास होता.

मुंबईत देशसेविका संघाच्या बायका केशरी साड्या नेसून बाहेर पडल्या. हंसा मेहता, पेरीन कॅप्टन यांच्यासारख्या पुढारी त्यांच्यात होत्या. मुळजी जेठा मार्केट म्हणजे कापडाची मोठी पेठ. तिथल्या दुकानांच्या दाराशी त्या उभ्या राहत. आत जाणाऱ्याला हात जोडून विनवत, विलायती घेऊ नका, देशी घ्या. खादी जाडीभरडी, वर महाग. तरी बायामाणसांना ओलांडून आत जायला पुष्कळांचं पाऊल अडायचं. कित्येक व्यापाऱ्यांनी विलायती गाठी मोहोरबंद करून ठेवल्या.

हे सोपं नव्हतं. सरकारनं पिकेटिंग हा गुन्हा ठरवला. अनेक जणी तुरुंगात गेल्या. १२ डिसेंबरला काळबादेवीला विलायती कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार त्याखाली चिरडून मेला. तो आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा.

परिणाम काय झाला? १९२९-३० साली ब्रिटनहून सुमारे १२५ कोटी यार्ड कापड आलं होतं. पुढच्या वर्षी ते ५२ कोटींवर उतरलं. जगभरच्या मंदीचाही त्यात हात होता, पण बहिष्काराचा वाटा मोठा होता.

मैत्रिणींनो, त्यातल्या कितीतरी जणींच्या हाती घरचा पैसा नव्हता. तरी पैसा कुठं जावा आणि कुठं जाऊ नये, हे त्यांनी भर बाजारात सांगितलं. आपला सल्ला सदऱ्यापुरता घेतला जातो. बियाणं, बैल, जमीन घेताना कोण विचारतं? गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एकमेकींना विचारा. आणि घरी गेल्यावर, कुणी विचारायची वाट न बघता, आपलं मत सांगा.