राज्यशास्त्राची शाळा आणि तिचा एक विद्यार्थी

राज्य चालविणें ही एक विद्या आहे, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र किंवा मराठेशाहींतील आज्ञापत्र चाळलें म्हणजे याची खात्री पटते. परंतु ते ग्रंथ राजासाठीं व त्याच्या प्रधानांसाठीं होते. या विषयाच्या स्वतंत्र शाळा निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आणि त्यांना निमित्त झालें तें पराभवाचें व यादवीचें.

१८७०-७१ च्या युद्धांत जर्मनांनीं फ्रान्सला नमविलें; पाठोपाठ पॅरिस शहरांत फ्रेंचांनींच फ्रेंचांचें रक्त सांडलें. राष्ट्र असें कोसळतें, त्या अर्थीं राष्ट्राच्या धुरीणांच्या शिक्षणांत कांहीं उणें असलें पाहिजे, असें एमिल बूतमी यांना वाटलें. १८७२ सालीं त्यांनीं पॅरिसमध्यें राज्यशास्त्राची खासगी शाळा उघडली.

अमेरिकेंत हेंच कार्य जॉन बर्जेस यांनीं केलें. हे गृहस्थ दक्षिणेंतील टेनेसीचे. पण यादवी युद्धांत ते उत्तरेच्या सैन्यांतून लढले. पुढें जर्मनींतील विद्यापीठांत शिकून आल्यावर १८८० सालीं त्यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया येथें राज्यशास्त्राची शाखा स्थापिली. पाठांतरास फांटा देऊन मूळ कागदपत्रें तपासावीं, निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना शेजारीं ठेवून ताडून पाहाव्या, विद्यार्थ्यानें स्वतः निबंध लिहून तो चर्चेस ठेवावा, अशी तेथील रीत होती. इतिहास व अर्थशास्त्र यांचाही समावेश याच शाखेंत असे.

परंतु या थोर अध्यापकाच्या मतांत एक मोठें वैगुण्य होतें. राज्य घडविण्याची उपजत बुद्धि ट्यूटन वंशाच्या राष्ट्रांनाच लाभली आहे, असें त्यांनीं १८९० च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. दास्यमुक्त निग्रोंना मताधिकार दिला ही घोडचूक झाली, असेंही ते पुढें लिहिते झाले. शास्त्र सर्वांचें, पण राज्य मात्र थोड्यांचें, असा हा निवाडा होता.

१९१२ सालीं बर्जेस निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ति घेऊन, भीमराव आंबेडकर नांवाचा बावीस वर्षांचा तरुण त्याच शाखेंत दाखल झाला. मायदेशीं ज्याला सार्वजनिक पाणवठ्याचीही बंदी, त्याला येथें ग्रंथालयाचें दार खुलें होतें. सेलिग्मन यांच्याजवळ आंबेडकरांनीं अर्थशास्त्राचा अभ्यास केला, ड्यूई यांचीं व्याख्यानें ऐकलीं. १९१५ सालीं ते एम्. ए. झाले, आणि १९१६ च्या मे महिन्यांत हिंदुस्थानांतील जातींची उत्पत्ति व घडण यांवर त्यांनीं चर्चावर्गांत निबंध वाचला. कोलंबियाची रीत त्यांनीं अशी आत्मसात केली, आणि निष्कर्ष मात्र संस्थापकाच्या अगदीं उलट काढला.

सायमन कमिशनच्या वेळीं त्यांनीं प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्यांचा युक्तिवाद मार्मिक होता. माणसांनीं एकत्र कोणत्या अटींवर राहावें हें जर मतानें ठरावयाचें, तर ज्या दुर्बलांना त्या अटी दुसऱ्या कोणत्याही मार्गानें बदलतां येत नाहींत, त्यांना तर मत आधीं मिळालें पाहिजे! साक्षरतेची वा मालमत्तेची कसोटी त्यांना याच कारणास्तव अमान्य होती.

१९४९ च्या नोव्हेंबरांत संविधान स्वीकृत झालें. त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते, आणि त्यांत प्रौढ मताधिकाराचें कलम होतें. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं मतदारांची संख्या सतरा कोटींच्या वर गेली. त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. १९५२ च्या जूनमध्यें कोलंबियानें आपल्या या विद्यार्थ्यास सन्माननीय पदवी अर्पण केली.

बर्जेस यांनीं शास्त्र दिलें, तें वापरण्याचा अधिकार कोणाचा हें मात्र त्यांना आवरून ठेवतां आलें नाहीं. आज राज्यशास्त्राच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींनीं घटनांचीं कलमें अवश्य पाठ करावीं. पण त्या कलमांच्या बाहेर कोण राहिलें, हा प्रश्न विचारण्यासही विसरूं नये.