मांजर की हत्ती?

1958 सालची गोष्ट. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन संशोधक एका मांजराला पडद्यावर ठिपके दाखवत होते. मांजर भुलीखाली, डोळे मात्र उघडे. मेंदूच्या दृष्टीच्या भागात एक बारीक तार बसवलेली. पेशी जागी झाली, की ध्वनिवर्धकातून तडतड ऐकू यायची. पण पेशी काही केल्या बोलेना. मग काचेची पट्टी यंत्रात सरकवताना अचानक तडतड सुरू झाली. ठिपक्याशी तिला कर्तव्यच नव्हतं! काचेच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून सरकली, तीही ठराविक कोनातून. पेशी दाद देत होती ती तिला.

म्हणजे डोळा हा निव्वळ कॅमेरा नव्हे. मेंदू समोरच्या दृश्यातल्या कडा आणि रेघा आधी टिपतो, मग त्यांतून आकार जुळवतो. या संशोधनाबद्दल 1981च्या नोबेल पारितोषिकात दोघांना वाटा मिळाला.

संगणकाला हे शिकवायला किती वेळ लागावा? एमआयटीतल्या सेमूर पेपर्ट यांनी 1966 साली त्यातलं बरंचसं काम एका उन्हाळ्यात उरकायची योजना आखली होती. तो उन्हाळा फार लांबला. 1980 साली कुनिहिको फुकुशिमा यांनी मांजराच्या त्या पेशींवरून थराथरांचं एक गणिती जाळं रचलं. ते नोकरीला होते जपानच्या नभोवाणी संस्थेत, हे आकाशवाणीवरून सांगताना मला विशेष आनंद होतो. पुढे 2012 साली टोरंटोच्या तिघांनी तशाच जाळ्याला सुमारे बारा लाख छायाचित्रं दाखवून चित्रं ओळखण्याची स्पर्धा मोठ्या फरकानं जिंकली.

मग यंत्र आपल्यासारखं पाहू लागलं का? जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक खोडसाळ चित्र आहे. आकार मांजराचा, कातडी हत्तीची. माणसं म्हणाली, मांजर. यंत्र म्हणालं, भारतीय हत्ती! बाह्यरेषा न पाहता नुसत्या पोतावरून त्याचं आजवर भागत आलं होतं. परीक्षेत गुण मिळत होते, त्यामुळे कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. आणि अशा नजरेच्या भरवशावर आपण रस्त्यावर गाड्या सोडू पाहतो.

त्याच संशोधकांनी मग पोत बदललेली, निरनिराळ्या चित्रशैलींत रंगवलेली चित्रं दाखवून यंत्राला नव्यानं शिकवलं. तेव्हा कुठे ते आकाराकडे अधिक लक्ष देऊ लागलं.