मिठीची पहिली वेलांटी

खिशातला फोन चाचपू नका. तसा फोन बाजारात यायला अजून दोन वर्षं आहेत. तुम्ही फोर्टमधल्या एका मराठी दैनिकाच्या तिसऱ्या मजल्यावर बसला आहात. समोर टेबलाची निम्मी जागा अडवणारा मॉनिटर, शेजारी अर्धा राहिलेला कटिंग, भिंतीवर कॅलेंडर: जुलै २००५. आज २६ तारीख, मंगळवार. दुपारचे तीन वाजलेत.

काम तुमच्या ओळखीचंच आहे, बातमी वाचकाच्या पडद्यावर नीट पोचवायची. इथं त्याला फ्रंटएंड म्हणत नाहीत. हजेरीपटावर तुम्ही वेब डिझायनर आहात आणि डेस्कवर ‘नेटवाले’. पानाचा कोड उघडा. टेबलात टेबल, त्याच्या पोटात आणखी टेबल, आणि रकाना आवळू नये म्हणून मध्ये ठोकलेली एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ. उजवीकडे फ्लॅशमधली जाहिरात नाचते आहे. वाचकांपैकी बहुतेकांकडे इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आहे. पान चढवायचं म्हणजे एफटीपी उघडून फाइल थेट सर्व्हरवर टाकायची. चुकलं तर चुकलेलं पान जगाला दिसतं.

खिडकीतून बघा. पाऊस आहे, पण रोजचाच. खाली माणसं छत्र्या घेऊन स्टेशनाकडे निघाली आहेत. उद्या सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतील, तेव्हा कुलाब्याला ७३ मिलिमीटर निघेल आणि सांताक्रूझला ९४४. हे त्या मजल्यावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगून उपयोग नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही. एवढ्या एका दुपारी शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे पाऊस पडतात आणि बहुतेक वर्तमानपत्रांची ऑफिसं कोरड्या टोकाला आहेत.

साडेपाचला कुर्ल्याहून बातमीदाराचा फोन येतो, एका दुकानाच्या पोटमाळ्यावरून. रस्त्यावर छातीभर पाणी आहे, मिठी नदी वस्तीत शिरली आहे, लोकल बंद. वाक्य पुरं होण्याआधी लाइन तुटते आणि पुन्हा लागत नाही. सातपर्यंत डेस्कवर प्रत्येकाच्या कानाला रिसीव्हर आहे. कुणाची मुलगी शाळेतून निघालेली, कुणाचा नवरा कलिन्यात अडकलेला. तरी टायपिंग थांबत नाही.

आठ वाजता मेल तपासा. दुबई, न्यू जर्सी, लंडन. सगळ्यांचं म्हणणं एकच: घरी फोन लागत नाही, तुमचं पान उघडलं तर नुसती विचित्र चिन्हं दिसतात, मराठी दिसत नाही. एकाने लिहिलंय, आई कलिन्याला एकटी आहे, पाणी कुठवर आलंय एवढंच सांगा.

इथं तुमची खरी परीक्षा आहे. आज तुम्ही ‘क’ टाइप करता आणि तो जगभर ‘क’च असतो. २००५ मध्ये तसं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण छापखाने त्याआधीच्या वाटेने चालले आहेत. प्रत्येक दैनिकाचा आपला फॉन्ट, आणि त्यात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी अक्षरांचे तुकडे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच, फॉन्ट असेल तरच तो मराठीसारखा दिसतो. एका दैनिकाचा फॉन्ट दुसऱ्याचं पान वाचू शकत नाही आणि गूगलला यातलं काहीच कळत नाही. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्या म्हणावं, तर परदेशातल्या ऑफिसच्या संगणकावर तशी परवानगी नसते. फॉन्ट पानाबरोबर पाठवायची सोय आहे, पण ती एक्स्प्लोररपुरती. फायरफॉक्स आठ महिन्यांपूर्वीच १.० झालाय आणि त्याला ती चालत नाही.

वृत्तसंपादकांकडे जा. ते उभ्यानेच ऐकून घेतात.

‘‘सर, पानावरचं बाकी सगळं काढतो. जाहिरात, फोटो, मास्टहेडचं चित्र. फक्त मजकूर ठेवतो, तोही युनिकोडमध्ये.’’

‘‘किती वेळ लागेल?’’

‘‘अर्धा तास.’’

‘‘काढा सगळं. जाहिरातवाल्यांशी सकाळी मी बोलतो.’’

हे वाक्य बोलायला २००५ मध्येही धैर्य लागतं. आजही लागतं, आणि ते दाखवणारे संपादक मला फार मोठे वाटतात.

आता कोपऱ्यातल्या एक्सपी मशीनवर बसा. डेस्कवरची विंडोज ९८ची मशिनं युनिकोड मराठी दाखवत नाहीत, या एकाच मशीनवर ‘मंगल’ फॉन्ट आहे. डेस्ककडून मजकूर जुन्या फॉन्टमध्ये येतो, तुमच्याकडे एक घरगुती कन्व्हर्टर आहे. त्यातून पहिली बातमी काढा आणि नीट वाचा. मिठीची ‘मठी’ झाली आहे, आधी एक सुटी वेलांटी लोंबकळते आहे. कुर्ल्याचं झालंय ‘कुलार्’.

कारण साधं आहे. जुना फॉन्ट डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने चालतो: पहिली वेलांटी म च्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. रफार ला च्या डोक्यावर शेवटी चढतो, म्हणून तो शेवटी. युनिकोड उच्चाराचा क्रम धरतो: आधी म, मग वेलांटी. आधी र, मग ल. कन्व्हर्टरला हे शिकवलेलं नाही. त्या रात्री सगळ्यात जास्त शोधली जाणारी नावं नेमकी हीच, एकात पहिली वेलांटी, दुसऱ्यात रफार. पंचवीस मिनिटांत नियम लिहा, वेलांटी एक घर पुढे, रफार एक घर मागे. जोडाक्षरं तरीही चुकतील, ती हाताने सुधारा.

युनिकोडही फुकट येत नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘मिठी’ला १२ बाइट लागतात, ‘कुर्ला’ला १८. पण नेहमीचं पान २०० केबीचं आहे, आणि ५६ केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम पाच केबी उतरतात, म्हणजे चाळीस सेकंद. तुमचं नवं पान नऊ केबीत बसतं. ज्यांच्या संगणकावर तेही दिसणार नाही, त्यांच्यासाठी चार मुख्य ओळींचं एक चित्र वर टाका: कुठे पाणी, कुठे वीज नाही, कोणती लोकल बंद, कोणती शाळा मुलांना रात्री ठेवून घेते आहे. एफटीपी लावा. पावणेनऊला पान चढतं.

याच महिन्यात, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावचं एक छोटं दैनिक आपली वेब-प्रणाली सगळ्यांसाठी खुली करत आहे. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी दोन वर्षांपूर्वी तिथेच ती लिहायला घेतली होती. नाव जँगो. पुढे २०१६ मध्ये ‘गार्डियन’ दैनिकातले रिच हॅरिस वेब-पानं बांधण्याचं स्वेल्ट नावाचं साधन आणतील. वेबची ही दोन्ही हत्यारं बातमीच्या घाईत घडली. तुमच्या कोपऱ्यातलं काम त्याच जातीचं आहे.

रात्री अकराला न्यू जर्सीहून मेल येतो. त्यात एकच ओळ: ‘‘दिसतंय.’’

पहाटेपर्यंत तुम्ही दर वीस मिनिटांनी पान बदलता. सकाळी भिजलेले, चिखलाने माखलेले लोक कुर्ल्याहून, शीवहून चालत ऑफिसात येतात. तुम्हाला आता परत यायचं आहे.

आज त्या दिवसाच्या पानांची सीडी संगणकात घाला, युनिकोडमधलं पान आणि जुन्या फॉन्टमधली पानं दोन्ही उघडा. नऊ केबीचं पान कुठल्याही फोनवर जसंच्या तसं वाचता येतं. त्याच दिवसाची बाकी सगळी पानं, त्या बातमीदाराची पोटमाळ्यावरून सांगितलेली बातमीसुद्धा, नुसती चिन्हं आहेत. त्यात मिठी शोधली तर सापडत नाही. मराठी दैनिकांच्या पहिल्या कित्येक वर्षांच्या वेब-पानांची गत अशीच आहे, आणि मला ती फार मोठी हानी वाटते.

तुमच्या घरी, ऑफिसच्या कपाटात तेव्हाच्या सीडी असतील, साठवलेली पानं असतील, तर टाकू नका. त्यांच्यासोबत फॉन्टची फाइल असेल तर ती पुसू नका, पानांशेजारीच ठेवा. फॉन्ट हाती असला, तर मिठीची वेलांटी आजही जागेवर बसवता येते.