चाकाच्या पोटातली झीज

वेल्समधल्या कार्मार्थनचे लोखंड व्यावसायिक फिलिप वॉन यांनी 1794 साली घोडागाडीच्या आसासाठी पेटंट घेतले. आसावर खोबण कोरायची, तिच्यात गोळ्या भरायच्या आणि चाक त्या गोळ्यांवर फिरू द्यायचे. आजच्या बॉल बेरिंगचे तत्त्व हेच. तरीही ही कल्पना पुढची कित्येक दशके रखडली, कारण अगदी एका मापाच्या गोळ्या भरपूर संख्येने करणे कोणालाच जमत नव्हते. एखादी गोळी किंचित मोठी निघाली, तरी सगळा भार तिच्यावर येई.

तोवर चाके घासतच फिरत राहिली. आपल्याकडच्या बैलगाडीतही लाकडी तुंब्याला आतून लोखंडी अस्तर, त्यातून गेलेला आस आणि मध्ये वंगण, एवढीच व्यवस्था असे. वंगणाला एरंडेल चाले. अस्तर झिजले की चाक डुगडुगू लागे, ते गाडीवानाला बसल्या जागी कळे आणि गावचा लोहार-सुतार काम उरकून देई.

गोळ्यांना खरे दिवस आणले सायकलने. पॅरिसचे कारागीर ज्यूल सुरिरे यांनी 1869 मध्ये सायकलच्या बेरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली, ती अशी बेरिंगे बसवलेल्या सायकलवर. मग 1883 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारे यंत्र तयार केले, आणि वॉन यांची अडचण सुटली. बेरिंगच्या इतिहासात कल्पनेइतकाच मान या मापाला द्यायला हवा. श्वाइनफुर्ट पुढे बेरिंगांचे शहर झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी 1943 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ते गाठले. 14 ऑक्टोबरच्या एका हल्ल्यात त्यांनी स्वतःची 60 विमाने गमावली. जर्मन युद्धयंत्रणा रोखायची तर बेरिंगांवर घाव घालावा, हा त्यामागचा हिशेब होता.

मोटारीच्या चाकाचा प्रश्न मात्र गोळ्यांनी पुरता सुटत नव्हता. गाडी वळते तेव्हा चाकावर वरून वजन असतेच, शिवाय बाजूनेही जोराचा रेटा येतो. सेंट लुईसचे घोडागाडी कारखानदार हेन्री टिमकेन यांनी हे ओळखले. 1898 मध्ये त्यांनी भाच्याबरोबर निमुळत्या रोलरच्या बेरिंगचे पेटंट घेतले. तिरक्या बसवलेल्या रोलरांमुळे दोन्ही भार एकाच बेरिंगवर पेलता येऊ लागले. अशी दोन बेरिंगे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, एकमेकांसमोर बसवली की चाक कोणत्याही बाजूला सरकत नाही.

या रचनेचा त्याहून मोठा गुण गॅरेजात दिसला. थोडी झीज झाली तरी नट आवळून ती भरून काढता येई. चाक जॅकवर उचलायचे, वर-खाली धरून हलवायचे. ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, आढळला की टोपी काढून, स्प्लिट पिन उपसून, चाक फिरवत नट आवळायचा आणि किंचित सैल सोडायचा. फार आवळले तर बेरिंग तापून जळते. सैल ठेवले तर चाक डुलते. नेमके कुठे थांबायचे, हे जुन्या मिस्त्रीच्या बोटांना कळत असे. बेरिंग खरोखर गेले असेल, तर रोलर आणि बाहेरचा कप दोन्ही बदलायचे. जुन्या कपात नवे रोलर घातले की तेही लवकर खराब होतात. नव्या रोलरांत तळहाताने ग्रीस दाबून भरण्याचे काम शिकाऊ पोरांकडे येई. हे कसब वरवर साधे वाटते, पण भरधाव गाडीतल्या माणसांचा जीव त्याच्यावर अवलंबून असे.

महाराष्ट्रात या धंद्याचे मोठे ठिकाण म्हणजे पुण्याजवळचे चिंचवड. गोथेनबर्गमध्ये 1907 साली स्थापन झालेल्या एसकेएफ या स्वीडिश कंपनीचा कारखाना इथे 1960 च्या दशकात उभा राहिला. बैलगाडीही बदलली. साखर कारखान्यांच्या ऊस वाहतुकीत रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि बैलांच्या मागे फिरणाऱ्या चाकांतही बेरिंगे बसली.

आजच्या बहुतेक मोटारींत हब-बेरिंग कारखान्यातूनच बंद होऊन येते. ग्रीस भरायचे नाही, नट हाताच्या अंदाजाने आवळायचा नाही. ठरलेल्या टॉर्कला पाना लावायचा. चाकातून घरघर ऐकू येऊ लागली आणि गाडी डावीकडे वळवताना ती वाढली, तर बहुधा उजव्या चाकाचे बेरिंग गेलेले असते, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. मग ते आख्खेच बदलायचे. अनेक बेरिंगांच्या सीलमध्येच, ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी, चुंबकीय कडे असते; कड्याची बाजू उलटी बसली तर चाक नीट फिरते, पण सेन्सरला वेग कळत नाही आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटून राहतो. ट्रकांच्या चाकांत मात्र टिमकेनच्या घाटाची, नट आवळून जुळवायची जोडी अजून सर्रास सापडते.